मागचा शहाणा

आमच्या उद्यमनगरात नवीन यंत्र कुणी पहिल्यांदा आणत नाही. शेजाऱ्याला आणू द्यायचं. चहाच्या निमित्तानं त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, ते कुठं अडतंय, कुठं तापतंय, कुणाचं बोट घेतंय ते बघायचं आणि मग सावकाश आपण घ्यायचं. कोल्हापूरकर शूर आहेत हे खरं, पण ते तालमीत. कारखान्यात आम्ही सगळे जरा मागंच उभे असतो. त्यामुळे त्या पुण्याच्या कंपनीनं आपल्या व्हॉल्व्हच्या खोक्यावर 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असं छापलं, तेव्हा ती जाहिरात आहे असं आम्हाला वाटलंच नाही. घरातलंच कुणी बोलतंय असं वाटलं.

मी वृषाली मुळीक. माझा धाकटा भाऊ प्रज्योत, त्याची बायको केतकी आणि मी असं आमचं मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. ई-ट्रॅक्टरच्या, सौरपंपांच्या जळलेल्या मोटारी आमच्याकडे येतात. प्रज्योत तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या करायचा, मी त्या मोटारीच्या खाचांत बसवते आणि केतकी मोटारीला वार्निश पाजते. पाजते हाच शब्द बरोबर आहे. वरून वार्निश ओतलं तर तारांच्या मधली हवा आतच राहते, आणि जिथं हवा राहते तिथं पुढं ठिणगी पडते. म्हणून मोटार टाकीत ठेवायची, झाकण आवळायचं, पंप लावून आतली हवा ओढून काढायची आणि मग वार्निश सोडायचं. मग ते तहानल्यासारखं तारातारांत शिरतं. हवा जितकी जास्त काढाल तितकी मोटार जास्त टिकते. गिऱ्हाईकं आता तेच मागतात.

आमची टाकी होती एका बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीची, लोखंडी. "एवढं तेल पोटात घेऊन उभी होती, तिला हवेचं काय?" असं म्हणून प्रज्योतनं ती उचलून आणली. इथंच आमच्याकडचे सगळे फसतात. तेल टाकीला आतून बाहेर ढकलतं. हवा काढली की उलटं होतं. आत काहीच उरत नाही आणि बाहेरची हवा टाकीला चहूबाजूंनी दाबायला लागते, दर चौरस फुटाला टनापेक्षा थोडा कमी एवढा भार. पाण्याची प्लास्टिकची बाटली तोंडाला लावून हवा ओढून बघा, म्हणजे कळेल. पोटातून फुगायला घाबरत नाही अशी टाकी बाहेरून चेपायला कधी तयार होईल ते सांगता येत नाही.

यासाठी पंपाबरोबर सुरक्षेचा व्हॉल्व्ह लावतात. कुकरची शिट्टी वाफ बाहेर सोडते, हा हवा आत घेतो. आमचा जुना व्हॉल्व्ह स्प्रिंगचा होता. ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त हवा निघाली की तो उघडायचा, शिट्टी वाजवत बाहेरची हवा आत घ्यायचा आणि टाकीला वाचवायचा. त्यात त्या खेपेचं वार्निश फेसाळून वाया जायचं, ते वेगळं.

"ह्यो व्हॉल्व्ह हाय का रडकं पोर?" प्रज्योत वैतागायचा. "जरा ओढलं की लागला बोंबलायला."

मग तो त्याच्या तोंडावर ओलं फडकं ठेवायचा. व्हॉल्व्ह हवा आत ओढणारा, त्यामुळे तो ते फडकंही ओढून घ्यायचा आणि आपलं आपणच तोंड बंद करायचा. बांधायचीसुद्धा गरज नाही. उद्यमनगरात निम्म्या व्हॉल्व्हवर अशी फडकी होती. इन्स्पेक्टर आला की ती फडकी हात पुसायची व्हायची.

केतकीनं एकदा ते फडकं स्वतःच्या हातानं काढलं आणि नवऱ्यापुढं धरलं. "हे पुन्हा दिसलं तर मी माहेरी जाईन, सांगून ठेवतो. टाकी चेपली तर झाकण कुणाच्या अंगावर येणार? तुम्ही तिथंच उभा असतासा."

"मग चांगला व्हॉल्व्ह बघ की," प्रज्योत म्हणाला. "रडणारा नको."

केतकी डिप्लोमा झालेली. तिनं मनावर घेतलं. आठवडाभर जेवणाच्या ताटावरसुद्धा व्हॉल्व्हच. पंप जेवढी हवा ओढतो तेवढी तरी व्हॉल्व्हला आत घेता आली पाहिजे, नाहीतर तो उघडा राहूनही टाकी चेपेल. तो टाकीवरच बसला पाहिजे, पंपाजवळ नाही. मध्ये कुठं कॉक नको, कारण कॉक असला की कुणीतरी शहाणा तो बंद करतोच. हे सांगताना ती नवऱ्याकडे बघायची आणि नवरा आमटीकडे. एवढं सगळं बघून ती शेवटी त्या पुण्याच्या ऐकणाऱ्या व्हॉल्व्हवर येऊन थांबली.

तो व्हॉल्व्ह खरोखरच ऐकायचा. पत्रा चेपण्याआधी आतल्या आत अगदी बारीक तडतडतो, माणसाच्या कानाला ते बहुतेक वेळा कळत नाही. व्हॉल्व्हमधला कान ते टिपायचा. ठरलेला आकडा आला म्हणून उघडायचं असं त्याचं नव्हतं. टाकी खरंच दमली असेल तेव्हाच उघडायचं. त्यामुळे वार्निश वाया जात नव्हतं आणि फडक्याची गरजच उरत नव्हती. शिवाय त्याचं हवा घेण्याचं तोंड कंपनीनं असं जाळीआड सीलबंद केलेलं होतं की फडकं ठेवायचं म्हटलं तरी ठेवता येऊ नये. हातानं उघडायची मूठही नव्हती. माणसाचा हात लागला की बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे बघून ते खोटं तरी कसं म्हणणार?

कंपनीचा अर्णव नावाचा इंजिनीअर बसवायला आला होता. मुलगा गोड बोलणारा. "काकू," तो मला म्हणाला, "टाकी कधी चेपेल हे गणितानं नीट सांगता येत नाही. एखादा पोचा, एखादा जुना जोड, तेवढ्यानं ताकद पावपट होते. ते ऐकून ऐकूनच शिकावं लागतं. आमचे सगळे व्हॉल्व्ह एकमेकांना जोडलेले आहेत. तुमचा इतरांकडून शिकेल, इतर तुमच्याकडून शिकतील. चालेल ना?"

"म्हणजे सावडच की," प्रज्योत म्हणाला. आज तुझ्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तू. चालेल की, न चालायला काय झालं? आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. फक्त सावडीत आज कुणाच्या रानात जायचं हे सगळ्यांना माहीत असतं. ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

दीड वर्ष तो व्हॉल्व्ह उत्तम चालला. आम्ही पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त हवा काढायला लागलो. मोटारी पुन्हा जळून परत येईनात. प्रज्योत येणाऱ्याजाणाऱ्याला व्हॉल्व्ह दाखवायचा आणि निवड आपलीच असल्यासारखं बोलायचा.

मग एका दुपारी टाकी बोलली. मी खाचांत तार बसवत होते, मला काही ऐकू आलं नाही. प्रज्योतला शंका आली. त्यानं आमच्याकडच्या सगळ्या मिस्त्र्यांसारखं केलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टाकीला लावलं आणि मूठ कानाला. व्हॉल्व्हवरचा दिवा मात्र हिरवाच होता, म्हणजे त्याच्या मते सगळं ठीक.

"केतकी, तडतडायलीय गं."

"त्याला पण ऐकू येतंय. उघडंल आता." असं म्हणत केतकीनं पंप बंद केला. पण पंप बंद झाला म्हणून टाकीतली पोकळी काही भरत नाही. ती भरायची तर हवा आत जायला हवी. व्हॉल्व्ह उघडला नाही. तडतड वाढली, ती मग मलाही ऐकू आली. मूठ नव्हती, कॉक नव्हता. प्रज्योतनं पाना घेतला आणि झाकणाचा नट सैल करायला गेला, तेवढ्यानं थोडी हवा आत गेली असती.

आवाज कसा होता ते मी सांगणार नाही. टाकी कागदासारखी चुरगळली आणि झाकण वाकडं होऊन खाली आलं. प्रज्योतचा उजवा हात कोपराच्या खाली राहिला नाही.

दवाखान्यात मी केतकीशी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर बोलले आणि ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं. "स्प्रिंगचा व्हॉल्व्ह होता तोवर हात होता माझ्या भावाचा," असं मी तिला तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. भाकरी थापत होती, ती थापत राहिली. तिला शिव्या घालायला मला तेव्हा बरं वाटत होतं, हेही खरंच आहे.

त्या दिवसांत आमच्याकडे नेमानं येणारा एकच माणूस होता, जयसिंगपूरचा नेमगोंडा मगदूम. प्रज्योतबरोबर आयटीआयला होता, तोही रिवाइंडिंगच करतो. आम्ही त्याला नेमूअण्णा म्हणतो. दवाखान्यात रोज डबा घेऊन यायचा. प्रज्योतला डाव्या हातानं खाता येईना तेव्हा घास भरवायचा आणि वर म्हणायचा, "खा की लेका, मी काय तुझी बायको हाय भरवायला?" प्रज्योत फक्त त्याच्यासमोर हसायचा.

महिन्याभरानं अर्णव आला. फळांची टोपली घेऊन आला होता. चेहरा पडलेला होता, तो खोटा वाटला नाही. मी त्याला बसायलाही न सांगता विचारलं, "तुझा व्हॉल्व्ह बहिरा झाला होता का?"

"नाही काकू," तो म्हणाला. "त्याला सगळं ऐकू आलं होतं."

"मग उघडला का नाही?"

तो बराच वेळ चप्पल काढण्यात घालवत राहिला. मग त्यानं सांगितलं. व्हॉल्व्हनी हजारो टाक्या तडतडताना ऐकल्या होत्या, पण दरवेळी वेळेत उघडल्यामुळे एकही टाकी शेवटपर्यंत चेपताना ऐकली नव्हती. त्यामुळे खरी हद्द कुठं आहे ते त्यांना कळेना. विनाकारण लवकर उघडलं की गिऱ्हाईक ओरडतं, उशीर झाला की टाकी जाते. म्हणून त्या सगळ्या व्हॉल्व्हच्या मिळून असलेल्या डोक्यानं स्वतःच एक मार्ग काढला. जिथं शंका असेल तिथं कधीतरी थोडं थांबून बघायचं. आणि ते अशा ठिकाणी, जिथं टाकी जुनी, छोटी, एकटी, म्हणजे गेली तरी नुकसान कमी.

"आणि माणूस?" केतकीनं विचारलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली.

"व्हॉल्व्हला माणूस दिसत नाही हो वहिनी. त्याला फक्त टाकी ऐकू येते." मग तो घाईनं म्हणाला, "पण तेव्हापासून सगळे आणखी जास्त हवा काढतात, तरी देशात लोखंडाची एकही टाकी चेपलेली नाही. एकही नाही. सगळे व्हॉल्व्ह दादांच्या टाकीवरून शिकले. किती जणांचे हात वाचले असतील!"

मला वाटलं, प्रज्योत आता टोपली त्याच्या तोंडावर फेकेल. प्रज्योत उठून बसला. त्याच्या तोंडावर मला काहीतरी दिसलं, ते अभिमानासारखं होतं.

"म्हणजे आमच्या टाकीनं शिकवलं सगळ्यांना," तो म्हणाला.

"हो दादा."

"मग आता ह्योच व्हॉल्व्ह सगळ्यात चांगला."

अर्णवनं मान डोलावली. कारण ते खरं होतं. रागावून स्प्रिंगच्या व्हॉल्व्हकडे परत जायचं म्हटलं तर थोडीच हवा काढून, उथळ पोकळीत पाजलेलं वार्निश आता कोण घेतो? सगळीकडे खोल पोकळीचं काम मिळत असताना आमच्या दारात गिऱ्हाईक कशाला येईल? शिवाय आता टाकीशी केतकी एकटीच उभी राहणार होती. प्रज्योतच्या कामाचा भार मी आणि ती वाटून घेणार होतो, आणि टाकीचं काम तिला एकटीलाच येत होतं. तिच्या जिवाला सगळ्यात कमी धोका कशात, असं विचारलं तर उत्तर तोच व्हॉल्व्ह होता. ज्यानं हात घेतला त्याच्यावरच भरवसा ठेवायचा. असली निवड देव वैऱ्यालाही न देवो.

नवीन टाकी आम्ही डेअरीच्या भंगारातून आणली, स्टेनलेस स्टीलची, चकचकीत. अर्णव व्हॉल्व्ह बसवायला आला आणि टाकी बघून थबकला. त्यानं केतकीला बाजूला नेलं. मीही गेले.

"वहिनी, मी हे सांगायला नको खरं तर. कंपनीत कळलं तर नोकरी जाईल. स्टीलचा आवाज लोखंडापेक्षा वेगळा असतो. व्हॉल्व्ह लोखंडाचं शिकलाय. स्टीलचं अजून..."

"शिकायचाय," केतकी म्हणाली.

"तुम्ही थोडं थांबा. झालं की मी स्वतः मेसेज करीन."

झालं की म्हणजे काय झालं की, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. टाकीवर ताडपत्री घातली. तोवर मिळतील ती साधी कामं घ्यायचं ठरलं. रोज सकाळी वर्कशॉप उघडलं की आम्ही तिघंही आधी फोन बघायचो. मेसेज नसला की प्रज्योत "च्" करायचा. तो कशाची वाट बघतोय हे एकदा माझ्या ध्यानात आलं आणि मी माझा फोन उपडा ठेवला. दुसऱ्या दिवशी मीही पुन्हा फोन बघितला.

अशातच नेमूअण्णाचा फोन आला. प्रज्योतनं स्पीकर लावला होता, एका हातानं काम करताना तो तसंच बोलायचा.

"पज्या, टाकी घ्यायलोय बघ. तुझ्यासारखीच डेअरीची. व्हॉल्व्ह कुठला लावू सांग. आता तुझ्यापेक्षा त्यातलं कुणाला कळतंय?"

प्रज्योतनं आमच्याकडे बघितलं. केतकीचे हात थांबले होते.

"त्योच पुण्याचा," तो म्हणाला. "डोळं झाकून लाव."

"झालं तर मग. तू सांगितलंस म्हणजे प्रश्न मिटला. वहिनीला सांग, रविवारी येतोय जेवायला."

फोन बंद झाला तशी मी प्रज्योतच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "स्टीलचं सांग त्याला. आत्ता लाव फोन."

"त्यानं विचारलं काय स्टीलचं? व्हॉल्व्ह कुठला म्हणाला, मी सांगितला. खोटं सांगितलं काय?"

"त्यानं घास भरवलाय तुला."

"भरवलाय की!" तो एकदम ओरडला. "आणि उद्या केतकीला कोण भरवंल? तू? कुणीतरी आधी चालवल्याबिगर ती टाकी चालू होणार न्हाई ताई. सगळ्यांना सांगत सुटलो तर सगळेच ताडपत्री घालून बसतील. मग काय करायचं, सांग की?"

मी म्हणाले, तू नाही लावत तर मी लावते, आणि फोन हातात घेतला. तेव्हा केतकी माझ्याजवळ आली. तिनं फोन हिसकावला नाही, हातही धरला नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तिथं मी उभी राहणार हाय."

तिला मी किती बोलले होते ते मला आठवलं. एकदा तरी तिची बाजू घ्यावी असं मनापासून वाटलं. माणसाला वाईट वागायला चांगलं कारण लागतं, ते मला आयतंच मिळालं. मी फोन पर्समध्ये ठेवला. नेमूअण्णा रविवारी आला, जेवला, केतकीच्या तांबड्या रश्श्याचं कौतुक केलं आणि नव्या टाकीचे फोटो दाखवून गेला. मी त्याला वाढत होते. तोंड उघडायला मला तीनदा संधी होती आणि तिन्ही वेळा मी "अजून घ्या की" म्हणाले.

मेसेज आला तो दिवाळीच्या अलीकडं, भर दुपारी. 'वहिनी, स्टीलचं झालं. आता बिनधास्त चालवा.' पुढं जोडलेल्या हातांचं चिन्ह होतं.

प्रज्योतनं ताडपत्री स्वतः ओढून काढली, एका हातानं. मी नारळ आणला. केतकीनं टाकीला हळदीकुंकू लावलं, अडून राहिलेल्या चार मोटारी आत ठेवल्या, झाकण आवळलं आणि पंप सुरू केला. काटा खाली खाली गेला, पूर्वी कधी गेला नव्हता तितका. वार्निश सोडलं. दिवा हिरवा. केतकी हसली, प्रज्योतचा हात गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी हसली, आणि मलाही इतकं बरं वाटलं की मी तिला जवळ घेतलं.

तेवढ्यात प्रज्योतचा फोन वाजला. नाव नेमूअण्णाचं होतं. त्यानं स्पीकर लावला. बोलत होती ती त्याची बायको, मागे गाडीचा भोंगा वाजत होता.

"भाऊजी, मी सुनीता बोलतोय. ह्यांना घेऊन निघालोय. इथलं डॉक्टर म्हणायलेत, कोल्हापूरला न्या. तुम्हाला कुठल्या दवाखान्यात नेलं होतं तेवढं सांगा. रस्ता सांगा."

"शुद्धीवर हाय का?" प्रज्योतनं विचारलं.

"मगाशी होते."

प्रज्योतनं सगळं नीट सांगितलं. दवाखान्याचं नाव, कुठल्या चौकातून वळायचं, मागच्या दारानं स्ट्रेचर लवकर आत जातं हेसुद्धा. "डॉक्टरना माझं नाव सांगा वहिनी. वळखतात मला."

"तुमचं लई उपकार हाईत," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

आमच्यापैकी कुणीच कुणाकडे बघितलं नाही. केतकीनं पंप बंद केला नाही. टाकीत चार मोटारी होत्या आणि वार्निश अजून मुरायचं होतं, अर्ध्यावर सोडलं असतं तर सगळं वाया गेलं असतं. दवाखान्यात जायचं ते एवढं झाल्यावर, असं काही न बोलताच ठरलं. प्रज्योत टाकीला पाठ लावून खाली बसला. मीही त्याच्या शेजारी, पाठीला तो गार पत्रा लागेल अशी बसले. खरं सांगते, त्या टाकीची मला अजिबात भीती वाटली नाही.